टॉटच्या वतीनं

२७ फेब्रुवारी १९७२, रविवार

ही वही जीनने नाताळात दिली. "आई, बाबांच्या औषधांच्या वेळा लिहायला होईल," म्हणाली होती. औषधांचं काम जानेवारीतच संपलं आणि वही कोरी राहिली. कोरा कागद मला बघवत नाही, म्हणून लिहायला बसले.

संप मिटला. उद्यापासून माणसं पुन्हा खाणीत उतरतील. माझा टॉट असता तर पहाटेच्या पाळीच्या बुटांचा आवाज ऐकत पडून राहिला असता, आणि कोण लंगडतोय ते मला सांगितलं असतं.

मागच्या खोलीच्या खिडकीत त्याच्या लीकच्या रोपांचे ट्रे आहेत. लीक म्हणजे कांद्याचा पैलवान भाऊ, असं तो म्हणायचा. दंडाएवढा जाड पांढरा दांडा आणि वर हिरवी पानं. हे वाण त्याच्या वडिलांचं. कुणाला विकलं नाही, कुणाला उसनं दिलं नाही. डिसेंबरात अंथरुणात बसून त्याने शेवटची रोपं लावली. मी ट्रे धरला आणि त्याने बोटाने मातीत भोकं पाडली. मध्ये मध्ये श्वास घ्यायला थांबत होता. आज बघितलं तर रोपं बोटभर झाली आहेत.

शेवटच्या सकाळी नर्सने त्याला विचारलं, "कसं वाटतंय, मिस्टर हेस्लॉप?" त्याने तोंडावरचा मास्क बाजूला केला आणि म्हणाला, "चँपियन." इथे सगळे तेच म्हणतात, चहा चांगला झाला तरी आणि पाऊस थांबला तरी. दुपारी तो गेला. तेव्हापासून कुणी विचारलं तर मी "ठीक" म्हणते. तो शब्द माझ्या तोंडातून निघत नाही.

५ मार्च, रविवार

विल्फ लिडल आला. टॉटबरोबर तीस वर्षं एकाच पाळीला होता. टोपी हातात घेऊन दारात उभा राहिला, तेव्हाच कळलं की काहीतरी नकोसं सांगायला आलाय.

"मेबल, पोरी, बस जरा." माझ्याच घरात मला बस म्हणतो. "लीक क्लबचा नियम तुला माहीत आहे. सभासद गेला की मार्चअखेर त्याचा मळा रांगेतल्या पुढच्याला जातो."

"टॉटचा मळा?"

"टॉटचाच. आता एक जुनी रीत आहे. रोपं लावून माणूस गेला, तर त्या वर्षीच्या प्रदर्शनात त्याच्या वतीनं दुसरा कुणी उभा राहू शकतो. मी राहतो. रोपं माझ्या चरात लावतो, बक्षिसाच्या कार्डावर नाव टॉटचं."

"आणि मळा कुणाचा?"

विल्फ टोपी फिरवत बसला. "त्याचा चर त्याच जागी कसला गेला आणि लीक प्रदर्शनाच्या बाकावर मांडले गेले, तर मळा त्याच्या नावावर राहतो. पण दोन मळे एका माणसाला कसता येत नाहीत. आणि क्लबात मळा नसलेला सभासदच नाही."

"मग मी राहते उभी."

तो हसला. मी हसत नाहीये हे त्याला जरा उशिरा कळलं. "तू? बाईमाणूस?"

"चहा घे," मी म्हटलं. "गार होतोय."

तो गेल्यावर मागच्या खोलीत ट्रेंसमोर जाऊन उभी राहिले. मला लीकमधलं काय कळतं? मी फक्त शिजवलेत.

९ मार्च, गुरुवार

खाणकामगारांच्या इन्स्टिट्यूटच्या वाचनालयात गेले. चौदाव्या वर्षी शाळा सुटली आणि दुसऱ्यांच्या घरी कामाला लागले. तेव्हापासून जे मिळेल ते वाचते, लोणच्याच्या बाटलीवरचा कागदसुद्धा. एखादा शब्द मनात अडकला की तो उघडून बघायचा, ही माझी खोड आहे. तो शब्द जानेवारीपासून अडकलाय. मोठा शब्दकोश काढला आणि खिडकीशी बसले.

मला वाटलं होतं, चँपियन म्हणजे जिंकणारा, आणखी काय असणार. पण मूळ लॅटिन शब्द निघाला मैदानाचा, मोकळ्या रानाचा. त्यावरून मैदानात उतरून झुंजणारा. शब्द फ्रान्समधून फिरून इंग्लंडात आला. जुन्या काळी इथल्या कचेरीत काही भांडणं झुंजीने मिटवत. ज्याला स्वतः झुंजता येत नसे, म्हणजे म्हातारा, आजारी, पाद्री, बाई, तो आपल्या जागी दुसऱ्याला पाठवी. तो दुसरा म्हणजे चँपियन. जिंकणारा हा अर्थ फार नंतर चिकटला.

पुन्हा पुन्हा वाचलं. म्हणजे तो हरला असता तरी चँपियनच. दुसऱ्यासाठी उतरला, एवढं पुरे होतं.

शब्दकोश जागेवर ठेवताना लक्षात आलं की मी रडत नव्हते. रागावले होते. कशावर, ते कळलं नाही.

१२ मार्च, रविवार

क्लबात सभा होती. मी दारातून आत पाऊल टाकलं. चिटणीस सेप ऑर्ड टेबलामागे बसला होता. ओळीने तीन वर्षं पहिला आलेला माणूस. तिन्ही वर्षं टॉट दुसरा. सेपचा मळा आमच्या शेजारीच आहे. टॉटशी तो कुंपणावरून भांडण्यापुरताच बोलायचा, आणि टॉटच्या अंत्ययात्रेत सर्वांत मागे, एकटा चालत होता.

"मिसेस हेस्लॉप, बायकांची खोली पलीकडे आहे."

"माहीत आहे, मिस्टर ऑर्ड. दोन्ही खोल्यांची फरशी मीच पुसते."

कुणीतरी खुसखुसलं. मी सांगितलं, मला टॉटच्या वतीनं उभं राहायचं आहे. एकदम गलका झाला.

बर्टी नेल ओरडला, "टॉटचे लीक दंडाएवढे व्हायच्या आधीच ही सुपात टाकेल!"

"तुझ्या बायकोचं सूप पिऊन तू अजून चालता-बोलता आहेस, बर्टी. तुला काही होत नाही. तू घाबरू नकोस."

हशा पिकला तो माझ्या बाजूने, आणि त्या हशातच मी शब्दकोशातलं सगळं सांगून टाकलं. मैदान, झुंज, दुसऱ्याच्या जागी उतरणारा. शेवटी म्हटलं, "दर वर्षी तुम्ही पहिल्या कार्डावर हा शब्द छापता. त्या काळी बाईला उतरता यायचं नाही, म्हणून तिच्यासाठी पुरुष उतरायचा. आता एका पुरुषाला उतरता येत नाही. तो चर्चच्या मागे झोपलाय. त्याच्यासाठी बाई उतरते आहे. शब्द तोच आहे. माणसं तेवढी उलटी झाली."

विल्फ छताकडे बघत होता.

हात वर झाले. अर्धे बाजूने, अर्धे विरुद्ध. निर्णय सेपच्या मतावर आला. त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग म्हणाला, "माझं मत हो. एका अटीवर. ऑगस्टअखेर मळ्यात उभ्या लीकवर शिक्के मारायला आम्ही येऊ. शिक्का मारण्याजोगा लीक नसला, तर त्याच दिवशी मळ्याची किल्ली माझ्या हातात. आणि शिक्का नसलेला लीक बाकावर येणार नाही. कुणालाही सवलत नाही."

मला हरताना बघायचंय त्याला, जवळून. म्हणून दिलं मत.

२३ एप्रिल, रविवार

चर खणला. पाठ मोडली. घोड्याचं शेण, जुनी पानं, टॉट घालायचा ते सगळं आठवून आठवून घातलं. सेप कुंपणाशी येऊन उभा राहिला, पाइप तोंडात.

"हा चर आहे की कबर?"

फावडं टाकून घरी आले असते, पण तो पुढे म्हणाला, "कबर असती तरी इतकी उथळ नसती," आणि वळून गेला.

दुष्ट माणूस. रागाच्या भरात आणखी फूटभर खोल खणला. खाली काळी, भुसभुशीत माती लागली. टॉट वर्षानुवर्षं तिथेच खत घालत असणार.

१४ मे, रविवार

रोपं लावली. शेजारची हेटी म्हणाली, मी बाळ निजवावं तसं करत होते. म्हणू दे.

९ जुलै, रविवार

लीक वाढताहेत. मनगटाएवढे झालेत. पांढरा दांडा लांब व्हावा म्हणून त्याभोवती उजेड अडवणारी कागदी कॉलर बांधतात. मी उत्साहाने उंच कॉलर बांधल्या होत्या. आज सेप कुंपणावरून ओणवा झाला.

"मिसेस हेस्लॉप, लीक वाढवताय की जिराफ?"

"तुम्हाला काय करायचंय?"

"मला काही नाही. पहिलं पान जिथे फुटतं, ती गाठ मुळापासून सहा इंचांच्या वर गेली की परीक्षक लीक बाद करतो. मोजतसुद्धा नाही. टॉटच्या नावाचं कार्ड बाकावर आणि बाकाखाली लीक, छान दिसेल."

पट्टी आणली. एकाची गाठ जवळजवळ तिथे पोचली होती. सगळ्या कॉलर उतरवल्या. सेप तिथेच उभा राहून बघत होता, शेवटची सुटेपर्यंत. एवढा आनंद होतो का माणसाला दुसऱ्याची चूक बघून?

६ ऑगस्ट, रविवार

जीन लेस्टरहून आली होती. घर सोड आणि आमच्याकडे चल, तेच पुन्हा.

"आई, तू भाजीशी बोलतेस."

"भाजीशी नाही गं. तुझ्या बाबांशी. भाजी मधे आहे, एवढंच."

ती चांगले बूट चिखलात घालून माझ्याबरोबर तण काढत बसली. जाताना घराचा विषय काढला नाही.

२६ ऑगस्ट, शनिवार

क्लबची समिती आली. सेप पुढे, रबरी शिक्का घेऊन. गुडघ्यावर बसला, एकेका दांड्याला हात लावला. टॉट लावायचा तसाच, बोटांच्या मागच्या बाजूने. एका पानावर शिक्का. दुसऱ्या. पाच लीकवर शिक्के बसले. उठताना म्हणाला, "बरे आहेत."

विल्फ मला बाजूला घेऊन म्हणाला, "पोरी, ऐकलंस का? सेप 'बरे' म्हणाला!"

"बरे म्हणजे काय मोठंसं? चांगलेसुद्धा नाही म्हणाला."

"तो स्वतःच्या लीकनासुद्धा बरे म्हणत नाही."

किल्ली माझ्याकडेच राहिली. बाकावर जोडी मांडतात, म्हणजे आता निदान दोन धड लीक तिथवर पोचायला हवेत. पाचांतला पाण्याच्या पिंपाजवळचा एक असा आहे की त्याच्याकडे बघताना छाती भरून येते. आज टॉटला त्याच्याबद्दल खूप सांगितलं.

२ सप्टेंबर, शनिवार

आमच्या लग्नाचा वाढदिवस. उन्हाने माती तडकली आहे. दर वर्षी या दिवशी टॉट दोन बाटल्या बिअर आणायचा. एकीतलं पेलाभर मी घ्यायचे, उरलेलं सगळं त्याचं. आज दोन बाटल्या घेऊन मळ्यात गेले. माझा पेला प्यायले. त्याची वाटणी त्या पिंपाजवळच्या लीकच्या बुंध्याशी ओतली. साखरही घातली थोडी. मग वाटलं, उन्हाचं याला एवढ्याने काय होणार, म्हणून वरून झारीभर पाणी.

बरं वाटलं. फार दिवसांनी बरं वाटलं.

५ सप्टेंबर, मंगळवार

फुटला. तोच. वरपासून खालपर्यंत चीर गेली, आतली पांढरी पानं बाहेर आली. मी चराच्या कडेला बसले ती बसलेच. सेप कधी आला कळलं नाही. या वेळी कुंपणापलीकडे नव्हता, फाटकातून आत आला होता.

"पाणी कुणी घातलं?"

"मीच. आधी बिअर."

"किती?"

"त्याच्या वाटणीची."

त्याने चिरेवरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "टॉटच्या वाटणीची म्हणजे फारच झाली."

मी त्याच्याकडे बघितलं. हसत नव्हता. पाइप विझला होता.

"गेल्या वर्षी टॉट दुसरा का आला, ठाऊक आहे? बापाच्या वाढदिवसाला बापाची वाटणी ओतली. सर्वांत मोठा लीक फुटला. मी कुंपणावरून ओरडत होतो, ओतू नकोस, गाढवा. ऐकतोय कसला."

टॉटने मला हे कधीच सांगितलं नव्हतं. लीक फुटला म्हणाला होता. कशाने, ते नाही.

"मिसेस हेस्लॉप, ओतायची तर प्रदर्शन झाल्यावर ओता. मेलेली माणसं थांबतात. लीक थांबत नाही." आणि फाटक लावून गेला.

चार उरले. त्यातला एक तांबेऱ्याने डागाळला आहे. म्हणजे तीन. संध्याकाळभर टॉटवर चिडले आणि संध्याकाळभर त्याच्याच आठवणीने हसू येत होतं. दोन मूर्खांचा संसार झाला आमचा.

१२ सप्टेंबर, मंगळवार

रात्री ढगफुटीसारखा पाऊस कोसळला. इतक्या पाण्याने उरलेलेही फुटणार म्हणून उजाडताच धावले. चरावर ताडपत्री बांधलेली. चारी कोपरे दगडांनी दाबलेले, गाठी पक्क्या. खाली माती कोरडी, लीक शांत उभे.

विल्फला गाठून त्याचे हात धरले. तो खाकरला. "अं... हो. म्हणजे... असेल."

असेल काय? लाजतो बिचारा. ताडपत्री घडी करून ठेवली. तिला तंबाखूचा दाट वास येत होता. विल्फची छाती इतकी अधू, आणि हा पाइप कधीपासून ओढायला लागला? एकदा रागवायला हवं.

१६ सप्टेंबर, शनिवार

आता बसले आहे. पाय सुजलेत. सगळं लिहिल्याशिवाय झोप येणार नाही.

सकाळी दोन लीक काढले. तिसरा, लहान, चरातच ठेवला. धुऊन दुधात भिजवलेल्या फ्लॅनेलने पुसले, मुळं विंचरली आणि जीनच्या जुन्या बाबागाडीत टॉवेल अंथरून निजवले. सगळी गल्ली दारात उभी होती.

"कुणावर गेलंय गं पोर?" हेटी ओरडली.

"बापावर!" मी म्हटलं. "हट्टी आहे आणि पाय पसरून झोपतं."

क्लबात बाकावर काळं कापड. ज्याच्या त्याच्या जागी कार्ड उपडं ठेवलेलं. परीक्षक टीज नदीपलीकडच्या गावचा, मानेला मफलर, कुणाशी बोलत नाही. मापं घेताना दार बंद करतात. आम्ही सगळे बाहेर, पुरुष पाइप आणि सिगरेटी ओढत, बायका उगाच हातमोजे काढत-घालत. सेप भिंतीला टेकून उभा होता. त्याचे लीक मी आत बघितले होते. राजासारखे. माझ्या मनात एकच होतं, गाठ सहा इंचांच्या आत असू दे. लीक बाद झाले नाहीत तर मळा राहिला. बाकी काही नको.

दार उघडलं. सेपच्या हातात परीक्षकाचा कागद दिला गेला, चिटणीस म्हणून. तो टेबलाशी उभा राहिला, चष्मा लावला. खालून वर वाचायची रीत आहे. सहावा, पाचवा, चौथा. टॉटचं नाव नाही. तिसरा विल्फ लिडल. टाळ्या. बाद झाले, नक्की बाद झाले.

"दुसरा," सेप म्हणाला, आणि थांबला. "एस. ऑर्ड."

सेपने कागद खाली घेतला. पुढचं न बघताच म्हणाला.

"चँपियन. टॉट हेस्लॉप. त्याच्या वतीनं मैदानात उतरली मेबल हेस्लॉप."

मग काय झालं ते नीट आठवत नाही. छत उडेल असा गलका झाला. बर्टी नेलने टोपी फेकली, ती दिव्यात अडकली. विल्फ रडत होता आणि रडत नाही असं सगळ्यांना सांगत होता. कुणीतरी मला खुर्चीवर उभं केलं. बाकाकडे बघितलं तर टॉटचं नाव उताणं झालं होतं आणि वर लाल अक्षरांत तो शब्द. तीन वर्षं त्याने ते कार्ड दुसऱ्याच्या लीकसमोर बघितलं होतं.

पहिलं बक्षीस पुरुषांची आरामखुर्ची निघाली. "माप घ्यायचं का?" बर्टी ओरडला. "तुझ्या सासूला पाठव बसायला," मी म्हटलं, "मला बसायला वेळ नाही."

गर्दी ओसरल्यावर सेप समोर आला. हात पुढे केला. माझा हात लहान नाही, तरी त्याच्या हातात हरवला.

"तुमच्या लीकपेक्षा मोठे?" मी विचारलं. अजून खरं वाटत नव्हतं.

"अगदी थोडे. थोडे म्हणजे मोठेच." मग पहिल्यांदाच नाव घेऊन म्हणाला, "कशी आहेस, मेबल?"

आणि माझ्या तोंडून सहज निघालं, "चँपियन."

तो शब्द बाहेर पडला आणि काहीच मोडलं नाही. छत जागेवर होतं. मी जागेवर होते.

१८ सप्टेंबर, सोमवार

सुपाचा दिवस. प्रदर्शनातले लीक चिरून क्लबात मोठ्या पातेल्यांत, हाडांच्या रसात शिजतात आणि गावातल्या म्हाताऱ्यांना वाटतात. टॉटच्या दोनांपैकी एक मी चिरला. सुरी लावताना हात थांबला होता, पण पहिला वास आल्यावर थांबला नाही. दुसरा परत मळ्यात नेऊन लावला, बियाण्यासाठी. डिसेंबरात त्याच्यापासून रोपं काढायची.

बर्टीने दोनदा वाडगा भरून घेतला. "सुपात टाकेल म्हणालो होतो ना!"

संध्याकाळी मळ्यात गेले तर फाटकाच्या खांबावर बिअरची बाटली ठेवलेली. कुणी ठेवली, चिठ्ठी नाही. प्रदर्शन झालं होतं, म्हणून टॉटची वाटणी त्याला दिली, चराच्या रिकाम्या टोकाला, सगळी. सावकाश ओतली. त्याच्या वडिलांसाठीही थोडी.

१ ऑक्टोबर, रविवार

मळ्यातल्या खोपीच्या दारावर कार्ड ठोकलं, सेपच्या मळ्याकडे तोंड करून. तो बटाटे काढत होता. हातोडीचा आवाज ऐकून कुंपणाशी आला.

"ते पुढच्या वर्षी उतरवावं लागेल."

"या की उतरवायला."

पाइप पेटवत तो म्हणाला, "मळा तुझ्या घराण्याच्या नावावर राहिला. कालच्या सभेत नोंद झाली. पण रीत एका वर्षाची आहे, मेबल. पुढच्या वर्षी टॉटच्या वतीनं उभं राहता येणार नाही. कुणाच्या वतीनं उभी राहणार?"

मी हातोडी खाली ठेवली. हा प्रश्न मी स्वतःला विचारला नव्हता.

"माझ्या."

"बाईला सभासद करायचं म्हणजे पुन्हा मतदान. पुन्हा अर्धे इकडे, अर्धे तिकडे."

"मग पुन्हा तुमच्यावर येईल."

"येईल," तो म्हणाला. "मत मी कुणाला देणार ते मात्र सांगत नाही. आणि पुढच्या वर्षी मी हरणार नाही."

"टॉट तीन वर्षं हरला नव्हता, सेप. दुसरा आला होता. तूही आता शीक."

तो इतक्या जोरात हसला की कावळे उडाले. मग बटाट्यांकडे वळला. त्याच्या पाइपचा धूर कुंपणावरून माझ्याकडे आला. दाट, गोडसर वास. कुठेतरी घेतलेला वाटला. बराच वेळ आठवत होते, पण आठवेना.

उद्या चर खणायला घेते. या वेळी सुरुवातीपासूनच खोल.